अक्षय्य वॉरंटी

२५ एप्रिल २०२४, गुरुवार, संध्याकाळचे साडेसहा. बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर, अगरा तळ्याच्या अलीकडे, पाण्याच्या एका टँकरमागे माझी गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. टँकर चार हात पुढे गेला, मी ब्रेकवरून पाय काढला, पण गाडी जागची हलली नाही. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडलं. समोरच्या पडद्यावरचं गिअरचं अक्षर लुकलुकायला लागलं, शेजारी पान्याचं लाल चिन्ह उमटलं. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. एक ट्रॅफिक पोलीस आला, काचेवर टकटक करून म्हणाला, "न्यूट्रल हाकी, सार." त्यानं आणि दोन डिलिव्हरीवाल्या पोरांनी ढकलत गाडी कडेला लावली. बाहेर पाऊस नाही, वारा नाही, नुसता उकाडा. एप्रिलमध्ये बेंगळुरूचा पारा सदतीस-अडतीसला टेकलेला मी पहिल्यांदाच अनुभवत होतो.

घाम पुसता पुसता मी बोटांवर दिवस मोजले. गाडी घेतली ७ मे २०१९ ला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर. कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी आणि शोरूममध्येच ३१ हजार रुपये मोजून घेतलेली आणखी तीन वर्षांची वाढीव वॉरंटी. म्हणजे सगळी मिळून ६ मे २०२४ पर्यंत. हातात अकरा दिवस होते. त्यातला उद्याचा शुक्रवार मतदानाच्या सुट्टीत जाणार, मग रविवार, मग एक मे. कोल्हापूरला बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "अकरा दिवस आहेत ना अजून? मग घाबरतोस कशाला?" बाबांनी आयुष्यभर स्कूटर वापरली. वॉरंटीचा कागद त्यांच्या मते टीव्हीच्या खोक्यात ठेवायचा असतो.

सव्वादोन तासांनी टोइंगची गाडी आली. होसूर रोडवरच्या वर्कशॉपला पोचलो तेव्हा फाटक बंद. वॉचमन म्हणाला, गाडी आत लावा, चावी द्या, बाकी शनिवारी. मी निघालोच होतो, पण का कोण जाणे, त्याला म्हटलं, रजिस्टरमध्ये नोंद करा. त्यानं कुरकुरत वही काढली आणि लिहिलं: गाडीचा नंबर, तारीख, वेळ ९.४०, 'टोइंग करून आणली, चालत नाही.' मी त्या पानाचा फोटो काढला. पुढच्या दीड महिन्यात मी जे कागद गोळा केले त्यांतला हा पहिला, आणि फक्त हाच नशिबानं मिळालेला.

शनिवारी सकाळी सर्व्हिस ॲडव्हायझर भेटला. पंचविशीतला, अतिशय नम्र. "एक्स्टेंडेड वॉरंटी इदे अल्वा सार, नो टेन्शन," म्हणत त्यानं जॉब कार्ड भरायला घेतलं. मी समोर बसून स्क्रीनकडे बघत होतो. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात त्यानं टाइप केलं: 'क्लच स्लिप होतो. हेवी ट्रॅफिकमध्ये वापर.'

"मी असं कुठं म्हणालो?"

"तेच ते, सार. सेम थिंग."

सेम नव्हतं. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स दोन क्लचचा. एकाकडे एक-तीन-पाच हे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, म्हणून गाडी लोण्यासारखी पळते. हे क्लच कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. सिल्क बोर्डच्या चौकासारख्या ठिकाणी तासभर फूट-फूट सरकताना ते अर्धवट घासत राहतात आणि तापतात. क्लच दाबायचा, सोडायचा, गिअर बदलायचा, हे सगळं चालकाऐवजी मेकाट्रॉनिक नावाचा एक डबा करतो. त्यात संगणक असतो, तेलाचा छोटा पंप असतो आणि तेल दाबाखाली साठवणारी कुपी असते. ती कुपी तडकली की दाब जातो आणि गाडीचे हातपाय गळतात. वॉरंटीच्या कागदात मेकाट्रॉनिकला संरक्षण होतं. क्लचला नव्हतं, कारण तो ब्रेक पॅडसारखा झिजणारा भाग. तेव्हा 'क्लच स्लिप होतो' हे तीन शब्द मी सही करून मान्य केले असते, तर माझा दावा मीच निकालात काढला असता.

हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं असा आव आणत नाही. शुक्रवारी मतदान करून आल्यावर मी वॉरंटीची पुस्तिका पाच वर्षांत पहिल्यांदा वाचली होती, एवढंच. काय काय मिळेल ते दीड पानात होतं आणि काय मिळणार नाही ते सात पानांत. ॲडव्हायझरला मी ती ओळ खोडायला लावली आणि सांगितलं तसंच टाइप करायला लावलं: 'गाडी कोणत्याही गिअरमध्ये हलत नाही. गिअरचं चिन्ह लुकलुकतं.' मग एस्टिमेट आलं, ३ लाख १२ हजार. खाली बारीक अक्षरांत, दावा नामंजूर झाल्यास गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च ग्राहकाचा. त्याशेजारी मी पेनानं लिहिलं: 'फक्त तपासणीसाठी उघडावा. लेखी संमतीशिवाय कोणताही भाग बदलू नये.' ॲडव्हायझरचा चेहरा पहिल्यांदाच जरा उतरला.

५ मेला गाडीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता खात्यातून गेला. आता गाडी पूर्णपणे माझी होती, फक्त हलत नव्हती. त्याच्या आदल्याच दिवशी कंपनीच्या कॉल सेंटरमधून एक गोड आवाज आला होता: सर, तुमची वॉरंटी परवा संपतेय, रिन्यू करायची का? मी म्हटलं, आहे ती वापरून बघतोय. तिनं मनापासून शुभेच्छा दिल्या.

९ मेला ईमेल आला. दावा नामंजूर, कारणं दोन. पहिलं, २०२१ ची वार्षिक सर्व्हिस उशिरा केली. दुसरं, क्लचची झीज, वापराच्या पद्धतीमुळे.

पहिल्या कारणानं मी उडालोच. सर्व्हिस ७ मे २०२१ ला करायची होती, पुस्तिकेप्रमाणे महिनाभराची सवलत. मी केली २९ जूनला. पण मे २०२१ म्हणजे काय होतं, हे मेल लिहिणाऱ्याला आठवत नव्हतं का? १० मेपासून जूनच्या मध्यापर्यंत कर्नाटकात लॉकडाउन होता. सोसायटीच्या फाटकाबाहेर गाडी काढली तर पोलीस विचारायचे, हॉस्पिटल का? त्या दिवसांत ऑक्सिजन शोधायचा की इंजिन ऑइल बदलायचं? असं सगळं एका लांबलचक मेलमध्ये लिहिलं. मग पाठवण्याआधी बायकोला दाखवलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "यात राग आहे, पुरावा कुठाय?"

पुरावा माझ्याच इनबॉक्समध्ये होता, जाहिरातींच्या कप्प्यात. मे २०२१ मध्ये अनेक मोटार कंपन्यांनी लॉकडाउनमुळे सर्व्हिसला मुदतवाढ जाहीर केली होती, त्यात माझीही होती. एप्रिल-मेमध्ये देय असलेली सर्व्हिस ३० जूनपर्यंत चालेल, असं त्यांनीच कळवलेलं. मी तो मेल तीन वर्षं उघडलाच नव्हता. माझी सर्व्हिस २९ जूनची. एका दिवसानं वाचलो. रागाचा मेल पुसून टाकला आणि चार ओळींचा नवा लिहिला: तुमचं पत्र सोबत जोडलं आहे, सर्व्हिसची पावती सोबत जोडली आहे.

दुसरं कारण मात्र असं सुटणारं नव्हतं. गिअरबॉक्स त्यांच्याकडे, उघडणारे ते, बघणारेही ते. झीज झाली असं ते म्हणाले तर मी काय मोजणार?

वर्कशॉपच्या बाहेर चहाची टपरी आहे. तिथं उभ्या उभ्या घरी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तेव्हा शेजारचा निळ्या डांगरीतला माणूस म्हणाला, "कोल्हापूरचं का?" तो निपाणीचा, आतल्याच शेडमध्ये कामाला. निपाणीचा माणूस बेंगळुरूला भेटला की दोन मिनिटांत पाहुणा निघतो, तसा हाही निघाला. गाडीचा रंग सांगितल्यावर जरा गप्प झाला. मग ग्लासातला चहा फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोड प्रेशरचा हाय, क्लचचा न्हाई. मशीन लावल्याबरोबर पयला जो रिपोर्ट निघतोय, त्याची प्रिंट मागा. तारीख-वेळ असती त्याच्यावर." आणि ग्लास ठेवून निघून गेला. नंतर दोनदा समोर आला, दोन्ही वेळा आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही.

प्रिंट मागितली तर आधी 'इंटर्नल डॉक्युमेंट' आहे म्हणाले. मग सिस्टीम डाउन. मग मॅनेजर रजेवर. मी १९१५ ला फोन लावला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथं निवाडा होत नाही, पण तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती थेट कंपनीकडे जाते. वर्कशॉपच्या काउंटरवरून कधीच न हललेली माझी फाइल अशी दुसऱ्या दारानं वर गेली. बरोबरीनं ग्राहक आयोगासाठी तक्रारीचा मसुदा करायला घेतला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील मित्रानं एक वाक्य सुचवलं: करारातली भाषा दोन अर्थांची असेल तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरायचा, हे कायद्यातलं जुनं तत्त्व. शांतिनगरला बीएमटीसीच्या इमारतीत ग्राहक आयोग बसतो. एका दुपारी तिथं जाऊन नुसता फिरून आलो. बाकांवर फायली मांडीवर घेतलेली माणसं बसली होती, फ्रिजवाली, फ्लॅटवाली, विमावाली. माझी फाइल त्या मानानं बारीक होती.

मसुद्याची प्रत कंपनीला मेल केली आणि तीन दिवसांनी प्रिंट आली. २७ एप्रिल, सकाळी ११.०८. हायड्रॉलिक दाब अपुरा, असा कोड. क्लचबद्दल एक अक्षर नाही.

३१ मेला फोन आला. मेकाट्रॉनिक आणि त्याची मजुरी मंजूर. क्लचचे ८४ हजार मात्र वॉरंटीत बसत नाहीत, पण 'गुडविल' म्हणून कंपनी अर्धे सोसेल. गिअरबॉक्स उघडलाच आहे तर क्लच सेट बदलावाच लागेल, नाहीतर नव्या मेकाट्रॉनिकची हमी देता येणार नाही. मी भांडलो. म्हणजे दोन दिवस भांडलो. तोवर रोजच्या कॅबनं आणि भाच्याच्या मुंजीला रातराणीनं उभ्या घरादाराला नेण्यानं मी थकलो होतो. ४२ हजार भरले. मित्राच्या सांगण्यावरून पावतीवर मात्र लिहिलं: 'हरकत राखून भरले.'

शोरूममध्ये विकणारा म्हणाला होता, ३१ हजारांत पाच वर्षं निश्चिंत राहा. निश्चिंती काही मिळाली नाही. मिळाला तो भांडण्याचा हक्क. तो कमी किमतीचा नाही. कागद नसता तर ३ लाख १२ हजार गपगुमान भरावे लागले असते. पण हक्क विकत मिळतो तेव्हा भांडण त्यासोबत येत नाही, ते आपलं आपण करायचं असतं, ऑफिसच्या मीटिंगा म्यूट करून. मी ते करू शकलो. मला इंग्रजीत मेल लिहिता येतो, वकील मित्र आहे, निपाणीचा पाहुणा भेटला. त्याच शेडमध्ये एक टॅक्सीवाला रोज येऊन बसायचा. त्याच्या जॉब कार्डवर पहिल्या दिवशी काय टाइप झालं होतं, कुणास ठाऊक.

पाणीपुरवठा मंडळानं मार्चमध्येच पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी आणून ५ हजारांचा दंड लावला होता, त्यामुळे वर्कशॉपच्या अंगणात महिनाभर उभ्या गाडीवर बोटभर धूळ चढली होती. २ जूनच्या रविवारी बेंगळुरूत एका दिवसात १११ मिलिमीटर पाऊस पडला, जूनमधल्या एका दिवसाचा शंभरावर वर्षांतला विक्रम. लोक पडलेली झाडं मोजत होते आणि माझी गाडी फुकटात धुऊन निघाली होती. १३ जूनला ती घरी आणली. एकोणपन्नास दिवसांनी.

वॉरंटीत बदललेला भाग कंपनीचा असतो, म्हणून तडकलेली कुपी मला कधी दिसली नाही. पण क्लचचे पैसे मी भरले होते, म्हणून जुना क्लच मागून घेतला. दोन्ही हातांनी उचलावा लागतो एवढा जड. जे. सी. रोडवर स्पेअर पार्टच्या गल्लीत एक म्हातारा कारागीर आहे, क्लचला नवी अस्तरं बसवून देतो. त्याला दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, अस्तरावरून अंगठा फिरवला, रिव्हेटच्या डोक्यापर्यंत किती उरलंय ते व्हर्नियरनं मोजलं आणि परत एकदा मोजलं.

"का बदलला?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "इन्नू एरडु वर्ष ओड्तित्तु, सार." अजून दोन वर्षं चालला असता.

ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदतही दोन वर्षांचीच असते. क्लच मी बाल्कनीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला आहे. पावती फाइलमध्ये आहे.