निखारे, पुस्तकं आणि भरीत

मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे अमेरिकेतला मेमोरिअल डे. सरकारी हिशोबाने तो युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मरणदिन, पण इथल्या पुस्तकांच्या दुकानात शिरलात तर वाटेल की हा कोळसा पेटवायचा मुहूर्त आहे. दारातच टेबल मांडलेलं: ग्रिलिंग, बार्बेक्यू, पिकनिक. मग फादर्स डे, मग चार जुलै, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे आला की तीच पुस्तकं निम्म्या किमतीच्या कप्प्यात. माझ्याकडे आता अशी अकरा पुस्तकं आहेत. बायकोच्या मते त्यातली दहा म्हणजे एकच पुस्तक आहे.

तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. मॅरिनेड बदलतं, मुखपृष्ठावरचं मांस बदलतं, आतला मजकूर तोच. "प्रत्येक बाजूने सहा मिनिटं भाजा." अहो, पण कुणाच्या ग्रिलवर? वारा किती? कोळसा किती? हे म्हणजे आपल्या टीममधल्या त्या एकासारखं झालं, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' चांगलं पुस्तक ओळखायची माझी खूण साधी आहे. पहिली पाककृती येण्याआधी ते विस्तवाबद्दल किती पानं बोलतं, ते बघायचं.

या प्रकाराचा इतिहासही मजेशीर आहे. 'सनसेट' मासिकाचं बार्बेक्यूचं पुस्तक १९३८ सालचं, जेम्स बिअर्डचं 'कुक इट आउटडोअर्स' १९४१ सालचं. त्याआधीच, १९२० च्या दशकात, हेन्री फोर्डच्या मोटारींसाठी लाकूड कापताना उरणाऱ्या भुशा-ढलप्यांपासून कोळशाच्या विटा बनायला लागल्या होत्या, आणि त्या फोर्डच्या डीलरांकडेच विकायला असत. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने, जो धातूच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये बनवायचा, असाच एक गोल बोया मधोमध कापला. खाली पाय, वर झाकण. झाली वेबरची केटल ग्रिल तयार. त्या झाकणामुळे उघड्या शेगडीचा ओव्हन झाला, आणि पुस्तकं लिहायला विषय मिळाला.

झाकणाचा खरा उपयोग कळतो तो 'टू-झोन' मांडणीत. सगळे निखारे एका बाजूला ओढायचे, दुसरी बाजू रिकामी ठेवायची. निखाऱ्यांवर रंग आणायचा, मग पदार्थ रिकाम्या बाजूला सरकवून झाकण लावायचं. जाळीवर चार बोटं उंच हात धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आंच कडक. एवढं जमलं की निम्म्या पाककृती पाठ करायची गरज उरत नाही. स्टीव्हन रायक्लनचं 'हाऊ टू ग्रिल' (२००१) हे फोटोंसकट, पायरी-पायरीने शिकवतं.

दुसरं आवडतं म्हणजे मीटहेड गोल्डविनचं 'मीटहेड' (२०१६). यात त्याच्या जोडीला ग्रेग ब्लाँडर नावाचा भौतिकशास्त्रज्ञ आहे. कडक आंचेवर भाजलं की मांसाची 'सील' तयार होते आणि रस आत राहतो, ही समजूत एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली. हॅरल्ड मगीने १९८४ मध्येच ती खोडली होती, तरी पुस्तकं छापतच राहिली. भाजल्याने चव येते, रस अडत नाही. तसंच मांसाचा मोठा तुकडा मंद आंचेवर ६५-७० अंश सेल्सिअसला येऊन तासन् तास तिथेच का अडकतो? तर घाम आल्यासारखं पृष्ठभागावरचं पाणी उडत राहतं आणि तुकडा थंड होत राहतो. डीबगिंगची आवड असलेल्यांना हे प्रकरण वाचताना जेवणाची शुद्ध राहणार नाही.

पण या पुस्तकांत एक गोष्ट सहसा नसते: जाळीशी न येणारा पाहुणा. आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आली होती. आमच्या ग्रुपची दर उन्हाळ्यात काउंटी पार्कमध्ये पिकनिक असते, तिथे जमिनीत रोवलेल्या लोखंडी ग्रिल असतात. आदल्या रविवारी त्या जाळीवर कोणी काय भाजलं असेल, देव जाणे. पुस्तकं म्हणतात जाळी तापवा, ब्रशने घासा. ते पदार्थ चिकटू नये म्हणून. आईचा प्रश्न वेगळा होता, आणि तो ब्रशने सुटणारा नव्हता. "तुम्ही खा रे, माझ्याकडे दशम्या आहेत," म्हणून ती बाकावर बसली. सगळे "काकू, काहीतरी घ्या ना" म्हणत होते आणि ती हसून मान हलवत होती. मला ते हसणं बघवेना.

उपाय पुस्तकातच सापडला. थेट निखाऱ्यांवर भाजायची पद्धत अमेरिकेतही जुनी आहे. अध्यक्ष आयझेनहॉवर स्टेक असाच निखाऱ्यांवर टाकायचे. अट एकच, विटांऐवजी नुसत्या लाकडाचा कोळसा घ्यायचा, कारण विटांमध्ये इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. पुढच्या वेळी घरून नवीन पसरट लोखंडी घमेलं नेलं. त्यात कोळसा पेटवला आणि जाळी न लावता वर वांगी ठेवली.

आई उठून आली. "एवढ्या लवकर उलटू नको. देठापाशी मऊ होऊ दे." आम्ही जळगावकडचे, तिथे वांगी सुकलेल्या पऱ्हाट्यांवर भाजतात. इथलं जांभळं वांगं तिला मुळीच पसंत नव्हतं, "नुसतं अंगाने मोठं" म्हणाली. पण त्या दुपारी घमेल्याचा ताबा तिच्याकडे होता आणि माझे अमेरिकन मॅनेजर हातात प्लेट घेऊन रांगेत उभे होते. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा कोणाला तरी काही शिकवत होती.

तेव्हा लक्षात आलं, आपल्याकडेही हे सगळं आहेच, फक्त थंडीत. हुरडा घ्या, रायगडची पोपटी घ्या. मे महिन्यात विस्तवाशी बसायची हौस आपल्याला कुठून असणार!

आता पिकनिकची पुस्तकं. इंग्लंडच्या मिसेस बीटनने १८६१ मध्ये चाळीस माणसांच्या पिकनिकची यादी दिली आहे: सहा लॉब्स्टर, चार भाजलेल्या कोंबड्या, अठरा लेट्यूस आणि न विसरता तीन कॉर्कस्क्रू. क्लॉडिया रोडनचं 'पिकनिक' (१९८१) वाचायला जास्त मजा येते. पण वाचताना घड्याळाकडे लक्ष असू द्या. अमेरिकन सरकारचा नियम आहे: शिजवलेलं नाशवंत अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. चिकन आतून ७४ अंश झालंय का ते थर्मामीटरने बघा, रंगाने नाही. कच्च्या मांसाच्या ताटलीत शिजलेलं ठेवू नका. आपले पूर्वज प्रवासाला दशम्या आणि कोरडी चटणी का न्यायचे, याचं उत्तर याच नियमात आहे. पाणी कमी, म्हणून टिकतं.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर? नवशिक्यांनी रायक्लन, 'असं का?' विचारणाऱ्यांनी मीटहेड. शाकाहारी मंडळींनी कुठल्याही पुस्तकातली विस्तवाची प्रकरणं वाचावीत आणि पनीर बिनधास्त भाजावं. आंबट घालून फाडलेलं असल्यामुळे ते वितळत नाही. आणि पाहुण्यांची यादी करताना कोण काय खातं याबरोबरच कोण कशावर भाजलेलं खातं, हेही विचारून घ्या. हा रकाना माझ्या अकरा पुस्तकांपैकी एकातही नाही.