विश्रांतीला टक्के नसतात, बॉस!

दादाच्या अ‍ॅक्सिडेंटनंतर फाइल जाडजूड झाली, पण कामाचा कागद एकही नाही. खासगी डॉक्टरांनी लिहिलेलं, ‘विश्रांती घ्यावी.’ आता विश्रांतीचे टक्के कोण मोजणार?

बहुतेक सरकारी सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, आणि ते ठरवतात ससून, औंध अशा सरकारी हॉस्पिटलांतले डॉक्टर. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. पण रिपोर्टच मोघम असेल तर?

मग विचारलं, ‘सर, हात खांद्याच्या वर जात नाही, पेन धरवत नाही, हे लिहाल?’ त्यांनी मोजमापासह लिहिलं. ऑनलाइन अर्ज, तपासणी, आणि यूडीआयडी कार्ड आलं.

‘४५ टक्के! दहावीपेक्षा जास्त,’ दादा म्हणाला. आई हसली नाही.

तेव्हा मंडळी, आजाराच्या नावासोबत अडणारी कामंही लिहून घ्या.