हस्ते कोण?

आमच्या मेसमध्ये 'एक्स्ट्रा'ची एक वही असते. जास्तीचं ऑम्लेट, पाहुण्याचं ताट, रविवारची गुलाबजामची दुसरी वाटी, जे घ्याल ते आपल्या रूम नंबरपुढे आपल्याच हाताने लिहायचं. महिनाअखेरीस बिल लागलं की एक भांडण ठरलेलं असतं. "मावशी, मी अंडं खात नाही आणि माझ्या नावावर सात ऑम्लेट?" मग वही उघडली जाते, शेजारच्या रूममधल्या कुणाचं तरी अक्षर ओळखलं जातं, थोडा हशा होतो आणि विषय मिटतो.

मोबाईलवरच्या दुकानातल्या खात्याची गोष्ट वेगळी. तिथे पावती येते, रक्कम येते, तारीख-वेळ येते. पण अक्षर येत नाही! मग ते अक्षर आपण मनातल्या मनात ओळखायला लागतो आणि तिथेच घोटाळा होतो. गेल्या सेमिस्टरमध्ये आमच्या रूममध्ये नेमकं हेच झालं. ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं मात्र विंगमधलीच वापरते.

आम्ही रूममध्ये तिघी. एक 'शेठ', कारण तिच्या वडिलांचं बार्शीला किराणा दुकान आहे. दुसरी 'चिमणी', कारण ती बोलते कमी आणि खाते त्याहून कमी. तिसरी मी. कोडिंगच्या एका स्पर्धेत शेठला बक्षीस म्हणून २,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड मिळालं. तिने ते ॲपच्या दुकानातल्या आपल्या खात्यात जमा केलं. पुढे कधीतरी काहीतरी चांगलं घेऊ, म्हणून हातही लावला नाही. दीड महिन्याने एक ॲप घ्यायला गेली तर शिल्लक फक्त ११४ रुपये!

बँकेचा मेसेज नाही, ओटीपी नाही, काही नाही. १,८८६ रुपये गेले कुठे?

आता परिस्थिती बघा. चिमणीचा फोन त्या वेळी पंधरा दिवस बंद पडलेला. डिस्प्ले गेला होता आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. रोज रात्री ती शेठच्या फोनवरून घरी बोलायची आणि असाइनमेंटचे फोटोही त्यावरच घ्यायची. शेठने स्वतःच तिला फोनचा पॅटर्न सांगितला होता. म्हणजे फोन हातात, पॅटर्न माहीत, पैशांची चणचण. एवढ्या तीन गोष्टी जुळल्यावर पुरावा कोण मागतं?

तोंडाने कोणी काही बोललं नाही. शेठने फक्त फोनचा पॅटर्न बदलला. त्या रात्री नेहमीप्रमाणे चिमणीने फोन हातात घेतला, बोट फिरवलं. लागला नाही. पुन्हा फिरवलं. मग तिने फोन टेबलावर होता तसा ठेवला आणि ती अभ्यासाला बसली. शेठ भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पण जागी होती. मी चिमणीपुढे माझा फोन धरला, तर म्हणाली, "राहू दे गं, आज काही विशेष नाही बोलायचं."

शपथ सांगते, वायवाच्या आदल्या रात्रीसुद्धा आमच्या रूममध्ये इतकी शांतता नसते!

रविवारी मी शेठला म्हटलं, "आपण डीबीएमएस शिकतो ना? मग निदान लॉग तरी वाचू." तिचा मेल उघडला. दुकानाच्या पावत्या मेलवर येतच होत्या, पण जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडलेल्या. चार पावत्या सापडल्या: ४४९, ४४९, ८९९ आणि ८९ रुपये. चारही एकाच गेममधल्या हिऱ्यांच्या. आम्ही तारखा आणि वेळा कागदावर उतरवल्या. पहिल्या तीन खरेद्या रात्री नऊ ते दहाच्या दरम्यानच्या, म्हणजे नेमक्या चिमणीच्या फोनच्या वेळेच्या. शेठने माझ्याकडे बघितलं. चौथी होती शनिवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांची.

त्या शनिवारी त्या वेळी आमची मिड-सेम चालू होती! आम्ही तिघी एकाच हॉलमध्ये, आणि सगळ्यांचे फोन बंद करून हॉलबाहेर बॅगांत. म्हणजे खरेदी चिमणीने केलेली नव्हती. एवढंच नाही, शेठच्या या फोनवरूनही ती झालेली नव्हती. फोन हा नव्हे, पण खातं तेच. मग दुसरा फोन कुठला?

याचंही उत्तर खात्यातच होतं. खात्याच्या सेटिंगमध्ये 'तुमची उपकरणं' अशी यादी असते. खातं कुठल्या कुठल्या यंत्रावर उघडं आहे ते तिथे दिसतं. यादीत दोन फोन होते. एक हातातला. दुसरा शेठचा अकरावीतला जुना, जो तिने धाकट्या भावाला क्लासचे व्हिडिओ बघायला दिलेला. सिम काढलं होतं, फोटो पुसले होते, खातं मात्र तसंच राहिलं होतं. भाऊ सातवीत. शनिवारी सकाळची शाळा. बाकी सांगायला नको.

शेठने घरी फोन लावला. काकांना मराठीत समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण शेठला रडू आवरत नव्हतं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'अकाउंट डेबिट झालं' याच्यापुढे माझं मराठी जाईना. काकाच म्हणाले, "म्हणजे खात्यावर नावे पडलं म्हण की." मग त्यांनी विचारलं, "पण पोरी, पावतीवर 'हस्ते' कोण लिहिलंय?"

मला 'हस्ते' कळलं नाही. तेव्हा काकांनी समजावलं. त्यांच्या उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे माल आणि रक्कम तर लिहितातच, पण माल दुसऱ्या कोणी नेला असेल तर 'ह.' लिहून त्याचं नाव घालतात. ह. धाकटा मुलगा. ह. गडी. पुढे गिऱ्हाईक म्हणालं, "मी नेलंच नाही," तर वही दाखवायची. खातं कोणाचं आणि हात कोणाचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला कळत नाही, त्याने दुकान काढू नये, असं काका म्हणाले.

आम्हाला सिक्युरिटी शिकवताना सरांनी जे दोन तास सांगितलं, ते काकांनी एका अक्षरात सांगितलं! पासवर्डने यंत्राला एवढंच समजतं की हे खातं उघडायची किल्ली कोणाकडे तरी आहे. किल्ली धरणारा कोण, हे त्याला कळत नाही. तरी पावती येते ती खातेदाराच्याच नावाने.

यावर मोठे खटलेही झाले आहेत. ॲपलच्या दुकानात एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं गेममधली खरेदी पुन्हा न विचारता होत असे. आईबापांनी एका खरेदीपुरता पासवर्ड टाकायचा आणि पोरांनी पाव तास धमाल करायची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर बोट ठेवलं आणि जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत द्यायचं कबूल केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलरचं कबूल केलं. ॲमेझॉन कोर्टात लढलं आणि २०१६ मध्ये हरलं. हात पोरांचा आणि नाव आईबापांचं हा प्रकार एकट्या बार्शीचा नाही!

'मग ओटीपी का आला नाही?' हा प्रश्न विंगमधल्या प्रत्येकीने विचारला. ओटीपी किंवा यूपीआयचा पिन हा बँकेच्या दारावरचा वॉचमन आहे. गिफ्ट कार्डाचे पैसे आधीच दुकानाच्या आत जाऊन बसलेले असतात. तिथून खर्च होताना बँकेला पत्ताच नसतो. आत पहारा असतो तो फक्त 'खरेदीच्या वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागा' या सेटिंगचा. आणि हे सेटिंग त्या त्या फोनपुरतं असतं. शेठच्या नव्या फोनवर ते चालू होतं, जुन्यावर बंद.

आता पैसे परत मागायचे. दुकानाच्या पानावर दोन वेगळे पर्याय होते: 'ही खरेदी मला माहीत नाही' आणि 'घरच्या किंवा ओळखीच्या व्यक्तीने माझ्या परवानगीशिवाय केली'. बाजूच्या रूममधून सल्ला आला, "पहिलं टाक, सगळे मिळतील." शेठ क्षणभर थांबली. मग म्हणाली, "आता माहीत झालंय ना." आणि तिने दुसरा पर्याय निवडला. चारपैकी तीन रकमा परत आल्या. सगळ्यात जुनी नाकारली गेली. ४४९ रुपये अक्कलखाती जमा!

या प्रकरणानंतर आमची रूम म्हणजे विंगचं तक्रार निवारण केंद्र झाली. दर दोन दिवसांनी कोणीतरी पासबुकातली अनोळखी ओळ घेऊन यायचं. एकीचे दरमहा १४९ रुपये जात होते, कधी नावही न ऐकलेल्या कंपनीला. शोधलं तर ते फोटो सजवायचं ॲप निघालं. दुकानाची पाटी एक आणि मालकाचं नाव दुसरं! सात दिवस फुकट म्हणून घेताना यूपीआयची 'ऑटोपे' परवानगी तिच्याकडून घेतली गेली होती. ही सोय २०२० मध्ये आली. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, तिथूनच ती परवानगी रद्द करता येते. नुसतं ॲप काढून टाकलं तर पैसे जायचे थांबत नाहीत, हे मात्र कितीतरी जणींना माहीत नव्हतं. घ्यायला एक बटण आणि सोडायला दहा पानं, अशा युक्तीला सरकारनेही नाव दिलं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत 'डार्क पॅटर्न'चे १३ प्रकार दिले आहेत, त्यांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहेच. याची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

तर मैत्रिणींनो आणि मित्रांनो, खात्यात अनोळखी रक्कम दिसली तर हा क्रम लक्षात ठेवा. आधी पावती शोधा. रक्कम, वेळ आणि ऑर्डर नंबर कागदावर लिहा. त्या वेळी आपण आणि आपला फोन कुठे होतो ते आठवा. मग खात्यातली उपकरणांची यादी आणि चालू वर्गण्यांची यादी बघा. घरातले जुने फोन आठवा. बहुतेक वेळा 'हस्ते' इथेच सापडतो.

पण यादीत खरंच परका फोन निघाला, किंवा बँकेतूनच पैसे गेले असतील, तर संशोधन करत बसू नका. पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून खातं बाहेर काढा, बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा. इथे घड्याळ महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिलं ते असं: चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. आणि चूक ग्राहकाची आहे असं म्हणायचं असेल, तर ते सिद्ध करायचं बँकेने. नियमांतले आकडे बदलत राहतात, म्हणून आपल्या बँकेचे आजचे नियम जरूर बघा.

मला यातलं शेवटचं वाक्य फार आवडलं. सिद्ध करायचं बँकेने! एवढ्या मोठ्या बँकेला जे बंधन घातलं, ते आपण एकमेकांना का घालत नाही? आमच्या रूममध्ये एका मुलीला न विचारता, न सांगता आठवडाभर चोर ठरवलं गेलं, आणि तिला निर्दोष ठरवणारी ओळ सगळा वेळ मेलमध्ये न वाचता पडून होती.

शेठने चिमणीची माफी मागितली, अगदी माझ्यासमोर. चिमणी एवढंच म्हणाली, "विचारलं असतंस तर मीच शोधून दिलं असतं." शेठने पुन्हा आपला पॅटर्न तिला सांगितला. चिमणीने ऐकून घेतला. तिचा फोन दुरुस्त व्हायला अजून तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ती रोज रात्री घरी बोलायची ती माझ्या फोनवरून, आणि प्रत्येक वेळी परत देताना कॉलची यादी उघडून मला दाखवायची.

मी सांगून दमले, "अगं, कशाला?" तरी दाखवायचीच.