सातव्या पिढीचा संगणक

आमच्या घरचा डेस्कटॉप २०१७ सालचा. आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम. मध्ये कधीतरी मी त्याला एसएसडी बसवून घेतली आणि त्याच्यात नवा जीव आला. तक्रारीला जागा नव्हती. पण विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा सातव्या पिढीचा. एका पायरीने हुकला.

सांगलीत आम्ही ज्यांच्याकडून संगणकाची कामं करून घेतो त्यांनी फार विचार केला नाही. "ताई, बोर्ड-प्रोसेसर बदलून टाका की. किती दिवस ओढताय तेच?" खर्चाचा आकडाही त्यांनी लगेच बिलाच्या पाठीमागे लिहून दिला. दुसरी वाट माझ्या मुलाने सुचवली. रुफस नावाच्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्ह तयार केला, तर प्रोसेसरची आणि टीपीएम या सुरक्षा-चिपची तपासणी चुकवून ११ टाकता येतं. येतं खरं. पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावर मी बँकेत लॉगिन करते, तो असा चोरवाटेने चालवणं मला पटेना. तिसरी सोय वर्षभराच्या मुदतवाढीची होती, ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणजे हाच प्रश्न एका दिवाळीवरून दुसऱ्या दिवाळीवर. मग उरलं लिनक्स.

लिनक्स घ्यायचं ठरवलं की पहिला घोळ हा, की ते एक नसतंच. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली विद्यार्थी असताना जे लिहायला घेतलं, तो नुसता गाभा, कर्नेल. त्याच्याभोवती पडदे, बटणं, प्रोग्रॅम गुंडाळून कोणी उबुंटू देतं, कोणी फेडोरा, कोणी डेबियन, कोणी मिंट. आपल्या सी-डॅकचंही बॉस नावाचं एक आहे, डेबियनवर बेतलेलं. यातलं सगळ्यांत चांगलं कोणतं, यावर जाणकार तासन् तास भांडतात. मला त्या भांडणात रस नव्हता. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मी त्यावर घरातला कोण माणूस संगणकावर काय करतो ते लिहून काढलं.

मी अपार्टमेंटचा हिशेब लिहिते आणि शिकवणीचे पेपर काढते. ह्यांना मॅच आणि यूट्यूब पुरतं. मुलाच्या ज्या एका ऑनलाइन खेळावर जीव आहे, त्यातली चोरी पकडणारी यंत्रणा लिनक्सवर चालत नाही. बाकीचे खेळ स्टीमवर, विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनच्या जोरावर पुष्कळ चालतात, पण त्याला तोच हवा. आणि दादा, म्हणजे माझे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक. सांगलीच्या नाटकवाल्यांवर गेली कित्येक वर्षं लिहीत आलेत. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं तिथपासून गावोगावच्या विसरल्या गेलेल्या हौशी मंडळ्यांपर्यंत. अर्ध्याहून जास्त लेखन छापलेलंच नाही, फाइलींत पडून आहे.

लिनक्सची एक सोय मला फार आवडली. पेन ड्राइव्हवरून ते तसंच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. सुरू होताना एफ-१२ दाबायचं, पेन ड्राइव्ह निवडायचा, दोन मिनिटांत समोर नवा पडदा. गडबड वाटली तर बंद करायचं, विंडोज जागच्या जागी. तेव्हा एकेक आणून मी दादांना खुर्चीत बसवत गेले. उबुंटू दिसायला देखणं, पण प्रोग्रॅमची पट्टी डावीकडे उभी. दादांचा हात सारखा खाली कोपऱ्यात जाई. फेडोरात नव्या गोष्टी लवकर येतात, पण एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने सांभाळतात. दर वर्षी नव्या आवृत्तीवर जा, हे उत्साही माणसाचं काम. क्रोम ओएस फ्लेक्सही डोक्यात येऊन गेलं. जुन्या मशीनवर हलकं चालतं, पण सगळा संसार ब्राउझरमध्ये. लिनक्स मिंट लावलं तेव्हा दादांनी काही विचारलंच नाही. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या. २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार. वायफाय, आवाज, छपाई, सगळं लागलं. छपाईला एक संध्याकाळ खर्ची पडली, पण लागली.

मग मी दादांची एक फाइल उघडली, आणि निवड झाली असं जे वाटत होतं ते तिथे थांबलं.

पडद्यावर मराठीचा एक शब्द नव्हता. इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, मध्येच कंस, डोक्यावर टिंबं दिलेली युरोपी अक्षरं. दादा चष्मा पुसून म्हणाले, "अगं, हे माझं नाही."

त्यांचंच होतं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्या जमान्यात मराठी टाइप करायची रीत वेगळी होती. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच आकडे असत; फॉन्टमध्ये त्या आकड्यांपुढे देवनागरीचे तुकडे बसवलेले. काना एका जागी, अर्धा 'स' दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या. तो फॉन्ट संगणकावर असेल तर मराठी दिसणार, नसेल तर असला खिचडा. आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची तुकडे मांडायची पद्धत निराळी. दादांचं सॉफ्टवेअर विंडोजवरचंच. म्हणजे इतकी वर्षं आम्हाला विंडोजशी बांधून ठेवलं होतं ते विंडोजच्या गुणांनी नव्हे, तर दादांच्या फाइलींतल्या ह्या तुकड्यांनी. उद्या बोर्ड-प्रोसेसर बदलून ११ घेतलं असतं, तरी फॉन्ट हरवला की तीच गत.

युनिकोडात तसं नाही. तिथे 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कोणताही असो. तेव्हा जुनं सगळं युनिकोडात आणायचं ठरलं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण ते काय करतात हे एक पान शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कळत नाही. टाइपरायटरच्या सवयीने 'किल्ला' लिहिताना पहिली वेलांटी आधी पडते, मग 'क'. जुन्या फाइलीत ती तशाच क्रमाने साठवलेली. युनिकोडात मात्र आधी 'क', मग वेलांटी, ती दिसते अलीकडे एवढंच. रफाराचं उलट. तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, जुन्या फाइलीत टाइपही त्याच्या नंतर झालेला, पण युनिकोडात त्याला आधी यावं लागतं, कारण तो 'र'च आहे. 'कीर्तन'सारखा साधा शब्द असेल तर कन्व्हर्टर हे उलटसुलट बरोबर करतो. 'मूर्ती' ठीक. 'मार्मिक' आला की रफार आणि वेलांटी एकाच 'म'वर येऊन भांडतात, आणि रफार पलीकडच्या घरी जाऊन बसतो. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' तर मराठीची खास चीज, हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरला त्याचा पत्ताच नसतो. एकसारख्या चुका मी लिबर ऑफिसच्या शोधा-आणि-बदला मध्ये घालून एका दमात काढल्या. उरलेल्या दादा काढतात, लाल पेनाने, छापून घेतलेल्या कागदावर. कागदाशिवाय त्यांना चूक दिसत नाही.

टाइपिंगसाठी मिंटमध्ये आयबस घातलं, त्यात रेमिंग्टनच्या वळणाची कळमांडणी निवडली. दादांची बोटं पन्नास वर्षं त्या वळणाची आहेत. ह्या वयात इनस्क्रिप्ट शिका म्हणणं मला जमलं नसतं. मी स्वतः इनस्क्रिप्टवर आले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आठवडाभर चिडचिड आणि मग मजा. आणखी एक बारीक गोष्ट: मजकुराची भाषा हिंदी असेल तर काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. लिबर ऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी केली की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, तेच 'ल' डोळ्यांदेखत आपल्या वळणावर येतात. दादांनी हे मला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. नवीन संगणकातलं त्यांना आवडलेलं हे एकच.

विंडोज मी पुसून टाकलं नाही. एसएसडीचे दोन भाग केले, सुरू होताना मिंट की विंडोज असं विचारतं. विंडोजच्या बाजूला इंटरनेट बंद, तिथे फक्त दादांचं जुनं सॉफ्टवेअर, कन्व्हर्टर जिथे हात टेकतो ते पान मुळात काय होतं हे बघायला. मुलाने आपला खेळ मित्राच्या घरी हलवला आहे, आणि मी घराचं वाटोळं केलं असं त्याचं मत आहे. ह्यांना संगणक बदलल्याचं कितीतरी दिवसांनी समजलं.

फुकट मिळतं म्हणून लिनक्स घ्या, असं मी कोणाला सांगत नाही. पैसे वाचले, पण ते संध्याकाळींच्या रूपाने फिटले. ज्यांचं ऑफिसचं काम एक्सेलच्या मॅक्रोंवर उभं आहे, त्यांनी तर दोनदा विचार करावा. माझा साधा हिशेब लिबर ऑफिसमध्ये विनातक्रार उघडला, तो त्यात काही नव्हतंच म्हणून.

यंदा दादांनी हौशी मंडळ्यांवरचा लेख दिवाळी अंकाला युनिकोडात पाठवला, मिंटवर लिहून, मिंटवर तपासून. चार दिवसांनी प्रेसमधून फोन आला. त्यांच्याकडे अंक अजून पेजमेकरवर लागतो, आणि त्यात युनिकोड बसत नाही. तेव्हा त्यांनी आमचा मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये उलटवून घेतला होता. प्रूफं आली, त्यांत सगळे रफार सरकलेले. दादांनी लाल पेन उघडलं, आणि मला म्हणाले, "ह्यांना पण तुझं ते मिंट देऊन बघ."