हातोहात

मराठी भाषेत ‘मंडळ’ हा शब्द किती सहजपणे रुळला आहे! भजनी मंडळ, तरुण मंडळ, महिला मंडळ, नाट्य मंडळ. पोटासाठी मुंबईला गेलेली माणसेदेखील चाळीतील एखाद्या खोलीत जमून आपल्या गावच्या नावाने मंडळ स्थापतात आणि पगारातून चार पैसे बाजूला काढून गावच्या शाळेला फळा किंवा देवळाला घंटा धाडतात. मंडळ म्हणजे वर्तुळ. वर्तुळाला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. त्यावरील प्रत्येक बिंदू मध्यापासून सारख्याच अंतरावर असतो. माणसांच्या मेळाव्याला ज्या कोणी हे नाव प्रथम दिले, तो मोठा मर्मज्ञ असला पाहिजे, असे मला वाटते.

मंडळांची थट्टा करणारेही पुष्कळ आहेत. पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशी मंडळे निघतात आणि वर्गणी संपली की वाळून जातात, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. परंतु ज्या मंडळात माझे बालपण गेले, ते मला आठवते, आणि त्या थट्टेत सामील व्हावेसे वाटत नाही.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, माण तालुक्यात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस आमच्या शिवारापर्यंत येता येता थकून जातो. त्याच जिल्ह्यातील महाबळेश्वरी पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे पाचशे मिलिमीटर पडला, तरी वर्ष चांगले गेले असे लोक म्हणतात. अशा गावात आमचे तरुण मंडळ होते. त्याला स्वतःची इमारत नव्हती. त्याची सारी मालमत्ता मारुतीच्या देवळाच्या ओवरीत मावत असे : सात घमेली, चार फावडी, दोन पहारी, एक गॅसबत्ती, लेझमीचा एक संच आणि एक जाड वही. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार मंडळाचे प्रमुख होते. आम्ही मुले त्यांना सुभेदारकाका म्हणत असू. ती वही तेच लिहीत. तिच्यात वर्गणीचा हिशेब थोडा आणि हजेरी फार असे. ‘पैसा ज्याच्याजवळ असेल तो देईल, पण हात तर प्रत्येकाजवळ आहेत,’ असे ते म्हणत. यात्रेच्या दिवशी वाटसरूंना पाणी देणे, मृगापूर्वी शाळेची कौले चाळणे, आजारी माणसाला खाटेवर घालून सडकेपर्यंत नेणे, अशी कामे मंडळ करीत असे.

१९७२ साली पावसाने महाराष्ट्राकडे पाठ फिरवली. आमच्या भागात तर त्याआधीची वर्षेही ओढीचीच गेली होती. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. लक्षावधी माणसे रस्त्यांच्या कडेला बसून खडी फोडू लागली. शाळेतील मुलांना सुकडी मिळे. घरोघरी परदेशाहून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीच्या भाकऱ्या भाजल्या जात. १९७३ चा चैत्र उजाडला, तेव्हा गावातील आड कोरडे पडले होते. बायका डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन दीड कोस चालत. गावाच्या वेशीजवळ एक जुनी दगडी बारव होती. तिला छत्तीस पायऱ्या होत्या. कित्येक वर्षे तिच्यात निर्माल्य, माती आणि पडझडीचे दगड साचत गेल्याने तिचे झरे बुजून गेले होते. तिचा गाळ काढला तर पाणी लागेल, असे वडीलधारी माणसे सांगत. पण तो काढावा कोणी?

एके रात्री सुभेदारकाकांनी चावडीपुढे सभा बोलावली. गावकुसाबाहेरील वस्तीतील मंडळींनाही त्यांनी निरोप धाडला होता. ती माणसे आली आणि नेहमीप्रमाणे दूर बसली. काकांनी बारवेचा विषय काढला. तेव्हा त्या वस्तीतील एक तरुण उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘काका, गाळ काढायला आम्हांला बोलावता, हे ठीक. पण पाणी लागल्यावर आम्हांला ओळखाल का?’’

सभा एकदम स्तब्ध झाली. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह केला, त्याला तेव्हा सेहेचाळीस वर्षे लोटली होती. स्वतंत्र भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केल्यालाही बावीस-तेवीस वर्षे झाली होती. तरी आमच्या गावात त्या वस्तीची घागर निराळी आणि वाटही निराळी होती. वर्गात मी ज्याच्या शेजारी बसत असे, त्या मुलाच्या घरचा उंबरा मी कधी पाहिला नव्हता. आणि यात काही वावगे आहे असे मला कोणी सांगितलेही नव्हते.

सुभेदारकाकांनी वही उघडली. गॅसबत्तीच्या उजेडात त्यांनी एक वाक्य लिहिले, खाली सही केली आणि ते मोठ्याने वाचून दाखवले : ‘‘ज्याचा हात गाळाला, त्याचा हात पाण्याला, रांग एकच.’’ मग ते म्हणाले, ‘‘ज्याला हे मान्य असेल, त्याने उद्या पहाटे चार वाजता यावे. दिवस उजाडला की खडीवर जायचेच आहे.’’ काही माणसे तेथूनच उठून गेली.

पहिल्या पहाटे अकरा माणसे आली. त्यांतील चार त्या वस्तीतील होती. अकरा माणसांत छत्तीस पायऱ्यांची बारव कशी उपसणार? प्रत्येक जण घमेले भरून वर नेई, गाळ टाकी आणि पुन्हा खाली येई. वीस खेपा करणाऱ्याला ओझे घेऊन सातशेवीस पायऱ्या चढाव्या लागत. सात वाजेपर्यंत सर्वांचे पाय लटपटू लागले. दुसऱ्या दिवशी सतरा जण आले. तिसऱ्या दिवशी आम्हा मुलांसह चाळिसाच्या वर. कोणाला सुभेदारकाकांच्या शब्दाने आणले, कोणाला तहानेने. काकांनी कोणालाही ‘तुम्ही आधी का आला नाहीत?’ असे विचारले नाही. ते वहीत नाव लिहीत आणि त्याला त्याची पायरी दाखवीत.

त्या दिवशी साखळी उभी राहिली. एक पायरी सोडून एक माणूस, असे अठरा जण उजवीकडे उभे राहिले. खालच्याने भरलेले घमेले वरच्याच्या हाती द्यायचे, वरच्याने वळून त्याच्या वरच्याच्या हाती. डावीकडे उभ्या असलेल्या मुलांच्या आणि बायकांच्या रांगेतून रिकामी घमेली खाली येत. मंडळाची सात घमेली कुठली पुरणार! लोकांनी घरून पाट्या आणि टोपल्या आणल्या. आता कोणालाच पायऱ्या चढाव्या लागत नव्हत्या. ओझे चालत होते आणि माणसे आपल्या जागी उभी होती. आदल्या दिवशी तीन तासांत जितका गाळ निघाला, तितका त्या दिवशी पहिल्या तासातच निघाला.

साखळीचे एक शास्त्र असते, हे मला तेथे कळले. साखळीचा वेग तिच्यातील सर्वांत बलवान माणूस ठरवीत नाही. तो सर्वांत अशक्त माणसाच्या हातांनी ठरतो. तालमीतला गडी कितीही भराभर घमेली देऊ लागला, तरी त्याच्या वरच्या पायरीवर एखादे म्हातारे माणूस उभे असेल, तर त्याला थांबावेच लागते. आरंभी तो चिडतो. मग तो वाकून घमेले थोडे अधिक उंच धरतो, म्हणजे म्हाताऱ्याला वाकावे लागू नये. हे त्याला कोणी शिकवत नाही, काम शिकवते. सुभेदारकाका म्हणूनच प्रत्येक दुबळ्या माणसाच्या खाली एक सशक्त माणूस उभा करीत.

आमच्या गावात दोन सख्खे भाऊ होते. शेताच्या बांधावरून त्यांचा दावा चालला होता आणि चार वर्षे त्यांच्यात बोलणे नव्हते. काकांनी त्यांना मुद्दाम लागोपाठच्या पायऱ्या दिल्या. पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांकडे न पाहता घमेली दिली-घेतली. दुसऱ्या दिवशी एक घमेले दगडांनी भरलेले आले. ते वर देताना धाकटा नकळत बोलून गेला, ‘‘दादा, जपून धर, लई जड हाय.’’ थोरल्याने घमेले घेतले. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘‘आईचा खोकला बरा हाय का?’’ बांधाचा दावा पुढेही चालू राहिला. परंतु त्यानंतर ते दोघे तालुक्याच्या कोर्टात एकाच एस.टी.ने जात असत.

माझ्या पलीकडे वर्गातील तोच सोबती उभा होता. रिकामी घमेली देता-घेता आम्ही पाढे म्हणू लागलो : एक घमेले, एक आकडा. एकोणतिसाच्या पाढ्याला मी अडखळलो की तो पुढे नेई, सदतिसाच्या पाढ्याला तो अडला की मी. सात वाजता काम थांबे, तेव्हा सारे जण पारावर बसून शिदोऱ्या सोडीत. मिलोची भाकरी घरोघरी सारखीच करपट होती. पण कोणाकडे लसणाची चटणी असे, तर कोणाकडे नुसते मीठ. पाचव्या दिवशी मी त्याच्या फडक्यातील चटणी घेतली. कोणी काही म्हणाले नाही. कदाचित सारेच फार भुकेले होते.

अकराव्या दिवशी बारवेच्या उत्तरेकडील कपारीतून गढूळ पाण्याची एक रेघ वाहू लागली. खाली उतरलेल्या माणसांनी ओरडून सांगितले, तेव्हा वरच्या पायरीवरील एक आजी मटकन खाली बसल्या आणि त्यांनी हात जोडले. सकाळपर्यंत कमरेइतके पाणी साठले. सारा गाव पोसावा एवढे ते नव्हते. आणखी काही आठवडे पाण्याचे टँकर येतच राहिले. परंतु पिण्यापुरत्या घागरी प्रत्येक घराला मिळाल्या. गाळ कसदार होता. ज्यांचे रान हलके होते, त्यांच्या शेतात तो बैलगाड्यांनी पसरण्यात आला.

पाणी भरण्याच्या पहिल्या दिवशी रांग कशी लावावी, यावर कुजबुज सुरू झाली. सुभेदारकाकांनी वही काढली आणि हजेरीच्या क्रमाने नावे वाचली. पहिल्या पहाटेचे अकरा जण प्रथम, मग दुसऱ्या पहाटेचे, मग तिसऱ्या. त्यामुळे कोणालाही मोठेपणा देण्याचा किंवा कोणाचा अपमान करण्याचा प्रश्नच उरला नाही. चावडीपुढे प्रश्न विचारणारा तो तरुण पहिल्या अकरांतच होता. त्याच्या आईने आपली घागर त्या पाण्यात बुडवली, तेव्हा मागे उभे असलेले लोक आपल्या पाळीची वाट पाहत होते. रांग एकच होती.

एकमेकांच्या कामाला धावून जाण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. शेतकऱ्याचे काम अडले, की शेजारी आपापले बैल आणि औते घेऊन त्याच्या रानात जात आणि मोबदला म्हणून त्याच्याकडे पोटभर जेवत. तिला इर्जिक म्हणतात. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, या रीतीला सावड म्हणतात. परंतु इर्जिक किंवा सावड बहुधा आपल्या माणसांत होते. ज्याला आपण आपला मानत नाही, त्याच्या शेजारी उभे राहण्याचे धाडस मंडळाला करावे लागते. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हेच ओळखले होते. ते ज्या गावी जात, तेथे प्रथम हाती झाडू घेऊन रस्ते झाडू लागत, आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्याबरोबर झाडू धरणाऱ्यांची जात कोण विचारणार?

पुढे आमच्याच जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात मी त्या साखळीचे मोठे रूप पाहिले. २०१६ साली पाणी फाउंडेशनने तीन तालुक्यांत गावांची ‘वॉटर कप’ स्पर्धा घेतली. गावकऱ्यांनी पंचेचाळीस दिवस श्रमदान करून डोंगरउतारावर समपातळीत चर खणायचे, म्हणजे धावणारे पाणी तेथे थबकते आणि जमिनीत मुरते. त्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने पहिला क्रमांक मिळवला. माळावर पहाटे घमेली फिरत होती आणि एकमेकांशी फारसे न बोलणारी माणसे ‘धरा’, ‘द्या’, ‘जपून’ असे बोलत होती. मला ते शब्द ओळखीचे वाटले.

कोणी म्हणेल, गावाला पाणी पुरवणे हे सरकारचे काम आहे. मंडळाने ते का करावे? सरकारचे ते कर्तव्य आहे, आणि आपल्या घमेल्यांनी ते संपत नाही. परंतु एक गोष्ट कोणतेही सरकार टँकरने पाठवू शकत नाही : शेजारच्या पायरीवरील माणसाची ओळख. प्रेम असेल तर मग एकत्र काम करू, असे आपण म्हणतो. माझा अनुभव उलटा आहे. आधी काम हाती घ्यावे. स्नेह मागाहून, घमेल्याबरोबर, हातोहात येतो.

तुमच्याही गल्लीत, शाळेत किंवा गावात असे एखादे काम असेल, जे सर्वांना दिसते आणि कोणीच करीत नाही. त्यासाठी इमारत लागणार नाही, पाटीही लागणार नाही. एक वही घ्या आणि पहिल्या दिवशी जितके येतील तितक्यांची नावे लिहा. अकरा आले तरी पुष्कळ झाले. मात्र ज्याला आजवर कोणी बोलावले नाही, त्याला बोलावण्यास विसरू नका.