काश्मीरची तीन गोल्फ मैदाने

गोल्फ हा आपला खेळ नव्हे, असे आपल्या घरांमध्ये धरूनच चालतात. मोठ्या शहरांतल्या क्लबांचे सदस्यत्व आवाक्याबाहेरचे असते, तेव्हा हा समज अगदीच निराधार नाही. काश्मीरमध्ये मात्र गोष्ट वेगळी आहे. तिथे दिवसाची फी भरली की बाहेरगावचा माणूसही खेळू शकतो. काठ्या भाड्याने मिळतात, सोबतीला कॅडी मिळतो. मग प्रश्न उरतो तो निवडीचा: श्रीनगर, पहलगाम की गुलमर्ग? आमच्यात सत्तरी ओलांडलेले अब्बा होते आणि शाळकरी मुलगीही होती, म्हणून आम्ही हा विचार जरा बारकाईने केला.

पहिली गोष्ट उंचीची. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे, पहलगाम २,१०० मीटरच्या वर आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे चेंडू अधिक लांब जातो. गुलमर्गला हा फरक जवळपास एक दशांश पडतो. चेंडूला जी हवा सोयीची, ती छातीला तितकी सोयीची नसते. १८ होलांचा पूर्ण खेळ म्हणजे सात-आठ किलोमीटरची चाल आणि चार-पाच तास. चढावर दम लागणाऱ्या माणसाने आल्याआल्या गुलमर्गला खेळायला उतरू नये. दोन दिवस श्रीनगरला राहून मग वर जावे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

श्रीनगरचे रॉयल स्प्रिंग्ज मैदान झबरवान डोंगराच्या पायथ्याशी आहे. अमेरिकेचे रॉबर्ट ट्रेंट जोन्स (धाकटे) यांनी त्याची आखणी केली. समोर डल सरोवर, त्याच्या पलीकडच्या काठावर हजरतबल. तिन्हींत उंची कमी ती इथलीच, शिवाय शहर हाकेच्या अंतरावर. पण चढउतार आणि पाण्याचे अडथळे असल्यामुळे नवख्याची इथे परीक्षाच होते. बॅटरीवर चालणारी गाडी मिळेल का, हे वयस्कर मंडळींसाठी आधीच विचारून ठेवावे.

गुलमर्गला गोल्फ आणला तो इंग्रजांनी. श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, डोंगरांच्या कड्यात वाटीसारखे पसरलेले हे कुरण. सोळाव्या शतकात सुलतान युसूफ शाह चक यांनी त्याला गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, हे नाव दिले असे सांगतात. एके काळी जिथे साहेब खेळत, तिथे आज आपली लेक काठी हातात धरते, याचे आम्हाला अप्रूप वाटले. घरात एकच जण खेळणारा असेल तर हेच मैदान बरे, कारण बाकीच्यांना कुरणाभोवती पायी फिरता येते. मात्र हिवाळ्यात सगळे बर्फाखाली जाते. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून शरदापर्यंतचाच काळ खेळाचा.

पहलगामचे मैदान लिद्दर नदीच्या खोऱ्यात आहे. त्याबद्दल लिहिताना २२ एप्रिल २०२५ विसरता येत नाही. त्या दिवशी जवळच्या बैसरन कुरणात २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक मुस्लिम घोडेवालाही त्यात प्राणाला मुकला. घोडेवाले, कॅडी, चहावाले यांची चूल येणाऱ्या पाहुण्यांवरच पेटते. म्हणून पहलगामचे नाव यादीतून खोडू नये असे आम्हाला वाटते. निघण्यापूर्वी रस्ता आणि मैदान खुले आहे ना, याची चौकशी करावी, आणि कॅडीला त्याच्या कष्टाचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. तो नुसता पिशवी उचलत नाही. डोंगराच्या कुशीत उतार ओळखताना डोळा फसतो. चेंडू कुठे वळेल हे कॅडीलाच ठाऊक असते.

वेळेचा हिशेब आपल्याला वेगळा ठेवावा लागतो. उन्हाळ्यात फजरनंतर लवकर सुरुवात केली तर जोहरपूर्वी खेळ आटोपतो. मुसाफिराला कसरची सवलत आहे, तरी खेळापायी नमाज पुढे ढकलत बसणे बरे नव्हे. जुम्म्याची दुपार मोकळीच ठेवावी. काही मंडळी प्रत्येक होलावर पैसे लावतात. तो सरळ जुगार आहे, त्यातून अंग काढून घ्यावे. हॅंडिकॅपच्या पद्धतीत कच्च्या खेळाडूला ठरावीक फटक्यांची सूट मिळते, तेव्हा पैशांवाचूनही आजोबा आणि नात बरोबरीने खेळू शकतात. आणि इथे पावलोपावली पंच नसतो. झाडीत चेंडू हलला तर दंडाचा फटका खेळाडूने स्वतःच लिहायचा. मुलांना अमानतीचा अर्थ समजावायला याहून सोपे उदाहरण क्वचित सापडेल.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे. घरच्यांसोबत खेळणे हा वाया घालवलेला वेळ नव्हे. म्हणूनच मैदान निवडताना त्याचे नाव किती मोठे, हे पाहू नये. आपल्यात सर्वांत हळू कोण चालते, ते पाहावे. आम्ही श्रीनगरला नऊच होल खेळलो आणि गुलमर्गला अब्बांसोबत नुसते फिरलो. इन्शाअल्लाह, पुढच्या खेपेला पहलगाम.