मुखवट्याआडचा साधा माणूस

प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखाली एक हेल्पर असतो. मिस्त्री ओळंबा धरतो, थापी चालवतो. हेल्पर माल कालवतो, पाट्या वाहतो, विटा पुरवतो. संध्याकाळी घराचा मालक येतो, भिंत पाहतो आणि मिस्त्रीचे नाव काढतो. हेल्परचे नाव कोणी विचारत नाही. आपल्या वस्तीतल्या माणसाला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिली मजुरी हेल्पर म्हणूनच घेतली आहे.

म्हणूनच असेल, सिनेमा असो की मालिका, आमचे दोघा नवराबायकोचे लक्ष नायकाच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे आधी जाते. आज अशाच एका बाजूच्या माणसाविषयी लिहायचे आहे. तो जपानी आहे, पोलीस आहे आणि टी.व्ही. मालिकेतला आहे. त्याचे नाव हिकावा माकोतो. जपानमध्ये आडनाव आधी लावतात, म्हणून हिकावा हे आडनाव.

त्याची ओळख आमच्या धाकट्या मुलीने करून दिली. तिला मुखवटेवाल्या वीरांच्या मालिकांचे भारी वेड. आपल्याकडच्या मुलांनी 'पॉवर रेंजर्स' पाहिले, ते सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे मूळ जपानचे. तोएई या कंपनीच्या मालिकांतील लढाईची दृश्ये घेऊन १९९३ साली अमेरिकेत 'पॉवर रेंजर्स' उभे राहिले. त्याच तोएईची दुसरी, वयाने मोठी मालिका म्हणजे 'कामेन रायडर'. कामेन म्हणजे मुखवटा. मुखवटा घालून मोटारसायकलवर येणारा वीर. मुलगी मोबाईलवर पाहते, खालच्या इंग्रजी ओळी वाचते आणि आम्हाला मराठीत सांगते. जेवण आटोपल्यावर एक भाग, असा आमच्या घरचा रिवाज पडला.

'कामेन रायडर' ३ एप्रिल १९७१ रोजी जपानी टी.व्ही.वर सुरू झाला. चित्रकथा काढणारे इशिनोमोरी शोतारो हे त्याचे जनक. पहिल्या मालिकेचा नायक होंगो ताकेशी याला दुष्टांची टोळी पळवून नेते आणि शस्त्रक्रिया करून त्याच्या शरीरात नाकतोड्याची ताकद घालते. तो निसटतो आणि तीच ताकद त्या टोळीविरुद्ध वापरतो. त्याच्या सोबतीला ताकी काझुया नावाचा तपास अधिकारी होता. त्याच्या अंगात कसलीही जादू नाही, मुखवटा नाही. तरी तो मुठी आवळून मैदानात उतरायचा. म्हणजे बाजूचा माणूस या मालिकेत पहिल्या वर्षापासून आहे.

पण आम्हाला जवळचा वाटला तो तीस वर्षांनंतरचा. 'कामेन रायडर आगितो' ही मालिका २८ जानेवारी २००१ ते २७ जानेवारी २००२ या काळात दर रविवारी सकाळी टी.व्ही. आसाहीवर झाली. एकूण ५१ भाग. त्यांतले बहुतेक इनोउए तोशिकी यांनी लिहिले. या कथेत तीन वीर आहेत. पहिला त्सुगामी शोइची. त्याची स्मृती गेली आहे, तो दुसऱ्यांच्या घरी राहतो, परसात भाजीपाला लावतो, चवीचा स्वयंपाक करतो. संकट आले की त्याच्या अंगातून आगितोची शक्ती आपोआप प्रकट होते. दुसरा आशिहारा र्‍यो. तो पोहणारा खेळाडू. त्याच्याही अंगात शक्ती जागी होते, पण ती त्याचे शरीर पोखरते. आणि तिसरा आमचा हिकावा. त्याच्या अंगात काहीच नाही. त्याच्याकडे आहे ती नोकरी आणि पोलीस खात्याने दिलेला एक पोशाख.

त्या पोशाखाचे नाव जी-३. माणसे मारणाऱ्या विचित्र प्राण्यांशी लढण्यासाठी पोलिसांनी तो बनवून घेतला. त्या प्राण्यांना पोलीस 'अननोन' म्हणतात. जी-३ तयार केला ओझावा सुमिको या हुशार आणि फटकळ बाईने. हिकावा आत शिरतो, मोटारसायकलवर निघतो. मागे एका मोठ्या गाडीत ओझावा आणि तिचा सहायक ओमुरो पडद्यावर नजर ठेवून बसतात. पोशाख बॅटरीवर चालतो. किती बॅटरी उरली, कोणता भाग निकामी झाला, हे ती गाडीतून ओरडून सांगत असते. ज्यांनी कारखान्यात मशीनवर पाळी केली आहे, त्यांना हा प्रकार लगेच कळेल. मशीन गरम झाले, पट्टा सुटला, तरी मशीनजवळ उभा असतो तो माणूसच.

पहिल्याच भागात हिकावाला बेदम मार बसतो. गोळ्यांचा उपयोग होत नाही, पोशाखातून ठिणग्या उडतात. तेवढ्यात आगितो येतो आणि काम फत्ते करतो. पुढेही असे अनेकदा घडते. आमची धाकटी म्हणाली, "आई, हा नेहमी मारच खातो. तरी दुसऱ्या दिवशी परत येतो." आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या पिढीतल्या पुष्कळ बापांचे वर्णन तिने नकळत करून टाकले होते.

मग ही जागा हिकावाला मिळाली कशी? तो कागावा जिल्ह्याच्या पोलिसांत होता. 'आकात्सुकी' नावाचे प्रवासी जहाज वादळात सापडले, तेव्हा त्याने एकट्याने जाऊन प्रवाशांना वाचवले. त्यावरून त्याला टोकियोत बोलावून घेतले. वशिला नव्हता, मोठ्या घरचे नावही नव्हते. केलेले काम तेवढे त्याच्यासोबत होते.

टोकियोत त्याला होजो तोरू भेटतो. होजो हुशार आहे, बोलण्यात तरबेज आहे, बढतीच्या शिडीवर भराभर चढणारा आहे. गावाकडून आलेल्या या सरळ माणसाला असली जागा मिळावी, हे त्याला सोसवत नाही. तो बैठकांत चुका काढतो, वरिष्ठांचे कान भरतो. एकदा तर पोशाख खरोखरच त्याच्या हाती जातो. पण अननोन समोर उभा राहिल्यावर होजोचे पाय मागे फिरतात. कागदावर सर्वांत लायक असलेला माणूस पळतो आणि ज्याच्यावर नालायकीचा शिक्का मारायचा होता तो टिकतो. लायकी, लायकी म्हणून कुणी फार बोलू लागला की आम्हाला आता होजो आठवतो.

हिकावा सर्वगुणसंपन्न आहे असे मात्र मालिका दाखवत नाही. तो हातांचा भारी अवघड माणूस. साधा खिळा ठोकायला गेला तरी घोटाळा. एका भागात तो शोइचीच्या घरी जेवायला बसतो. पातेल्यात तोफू आहे. तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, आणि त्यातही ते अगदी मऊ जातीचे. हिकावा दोन काड्यांनी ते उचलतो आणि ते फुटते. पुन्हा उचलतो, पुन्हा फुटते. शोइची हसत हसत सोपा उपाय सुचवतो. हिकावा घुश्श्यात येतो, आपण अनाडी नाही असे ठणकावतो आणि पुन्हा काड्या घालतो. आमच्या घरात त्या दिवशी हसून हसून सर्वांच्या डोळ्यांत पाणी आले. नायकाच्या हातांना सगळे सहज जमते. याला तोफू जमत नाही, पण त्याला प्रयत्न सोडता येत नाही.

त्या हसण्यात आमचा थोरला मात्र सामील नव्हता. त्याचे कारण आहे. तो तीन वर्षे पोलीस भरतीची तयारी करतो आहे. पहाटे साडेचारला उठतो, मैदानावर सोळाशे मीटर धावतो, गोळा फेकतो. दिवसा एका दुकानात सामान उतरवण्याचे काम करतो, रात्री गणित आणि सामान्य ज्ञान घोकतो. पहिल्या वर्षी धावण्यात मागे पडला. धावणे सुधारले तर लेखी परीक्षेत थोड्या गुणांनी यादीबाहेर राहिला. त्याच्याबरोबर मैदानावर येणारा एक मुलगा सहा महिन्यांत भरती झाला. त्या मुलाच्या पायांत उपजतच वेग आहे. आमच्या मुलाला एकेक सेकंद घासून कमवावा लागतो.

नातेवाईक विचारतात, अजून किती वर्षे? प्रश्न खोटा नाही. घरात एक पगार, धाकटीचे शिक्षण, भाडे. आम्ही दोघेही रात्री हळू आवाजात हेच बोलत असतो. त्याला थांब म्हणावे की धाव म्हणावे, याचे उत्तर कोणत्याही मालिकेत मिळत नाही, हे आम्हाला कळते. पण एक फरक आम्हाला या मालिकेमुळे नीट दिसला. मागे पडणे वेगळे आणि कमी असणे वेगळे. तीन वर्षे पहाटे उठणारा मुलगा यादीत मागे पडला असेल. तो माणूस म्हणून कमी पडलेला नाही. घरातल्या कोणी या दोन गोष्टींची गल्लत करू नये, एवढे आम्ही ठरवले आहे.

मालिकेत पुढे जी-३ अपुरा पडतो, म्हणून ओझावा जी-३एक्स तयार करते. यात यंत्राची स्वतःची बुद्धी आहे. लढाईत कोणती हालचाल सर्वांत अचूक, हे यंत्र ठरवते आणि माणसाचे शरीर तसे वळवते. हिकावाला ते पेलत नाही. तो आत बेशुद्ध पडतो आणि पोशाख मोकाट सुटतो. गंमत म्हणजे शोइची तोच पोशाख घालतो आणि त्याला तो सहज जमतो. हिकावाच्या मनाला हे किती लागले असेल! अखेर ओझावाच्या जुन्या प्राध्यापकांनी दिलेल्या चिपने त्या यंत्राच्या बुद्धीचा अंमल थोडा कमी केला जातो. तेव्हा हिकावा जी-३एक्स चालवू लागतो. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माणूस यंत्राला बसत नाही म्हणून माणूस बदलला नाही. माणसाला बसेल असे यंत्र केले. किती कारखान्यांत असा विचार होतो?

याची उलट बाजू २२ सप्टेंबर २००१ रोजी प्रदर्शित झालेल्या 'प्रोजेक्ट जी-४' या चित्रपटात आहे. जी-४ हा पोशाखही ओझावाचाच आराखडा. पण तो घालणाऱ्याचा जीव घेईल हे कळल्यावर तिने तो बंद करून ठेवला होता. लष्करातली एक बाई तो चोरते आणि एका सैनिकाला त्यात घालते. जी-४ ताकदीने अफाट आहे, पण त्यात माणूस म्हणजे यंत्राचा एक सुटा भाग. आतला सैनिक गतप्राण झाल्यावरही पोशाख उठून लढू पाहतो. हिकावा त्याच्यासमोर उभा आहे, आणि आता पुरे, म्हणून कळवळतो. तिथे आम्ही दोघे गप्प झालो. माणूस संपला तरी काम चालू राहिले पाहिजे, असे मानणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत.

शेवटच्या भागांत हिकावाची दृष्टी मंदावू लागते. तो ते लपवतो आणि कामावर जात राहतो. अखेरच्या लढाईत समोरचा बलाढ्य शत्रू त्याच्या जिद्दीने चकित होतो आणि तूही आगितो आहेस काय, असे विचारतो. हिकावाचे उत्तर असे, की आपण केवळ माणूस आहोत. वर्षभराची सगळी मालिका त्या एका उत्तरात आली, असे आम्हाला वाटते. शत्रूला वाटले, इतके धैर्य असेल तर याच्या अंगात जन्माची काही शक्ती असलीच पाहिजे. जन्माने मोठे नसलेल्याकडे एवढे बळ असू शकते, हे त्याला पटत नाही. हिकावाने ते दाखवून दिले आणि लढत राहिला.

शोइचीही मोठ्या मनाचा आहे, हे सांगितलेच पाहिजे. त्याला आपल्या शक्तीचा तोरा नाही. शेवटी तो उपाहारगृह काढतो, लोकांना खाऊ घालतो. आणि हिकावालाही त्याचा मत्सर नाही. आपल्याला जे जमत नाही ते दुसऱ्याला जमते याचे त्याला वाईट वाटते, पण त्याचे पाय ओढावेत असे त्याच्या मनात येत नाही. काम संपल्यावर ओझावा आपल्या दोघा सहकाऱ्यांना शेगडीवर भाजलेले मांस खायला नेते, स्वतः ग्लासामागून ग्लास बीअर पिते, वरिष्ठांना शिव्या घालते. दिवसभर राबणाऱ्यांच्या त्या जेवणात आम्हाला परके असे काही वाटले नाही.

हिकावाची भूमिका कानामे जुन या नटाने केली. तो स्वतः कागावाचाच, आणि त्याचे नाव याच मालिकेने झाले. पण मुखवटा चढल्यावर आत दुसरा माणूस असतो, हे मुलीने सांगितले तेव्हा आम्हाला नवल वाटले. उड्या मारणारे, आगीतून जाणारे, मार खाणारे कलाकार वेगळे. आगितोच्या पोशाखात ताकाइवा सेइजी होते. पुढे अनेक वर्षे मुख्य रायडरच्या पोशाखात बहुधा तेच असत. त्यांचा चेहरा दिसत नाही, घाम दिसत नाही. म्हणजे पडद्यावरच्या वीराच्या आतही एक कष्टकरीच उभा असतो.

वाचकहो, मुले अशा मालिका पाहू लागली की आपण त्यांना अभ्यास कर म्हणून उठवतो. अभ्यास हवाच. पण एखादा भाग त्यांच्याजवळ बसून पाहा आणि त्यांना आवडतो तो कोण, हे विचारा. आमच्या धाकटीला शोइची आवडतो. थोरल्याने बरेच दिवस उत्तर दिले नव्हते. परवा तो धावून आला, बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, त्या हिकावाला ते तोफू शेवटपर्यंत जमलंच नाही ना?" आम्ही नाही म्हणालो. "तरी ठेवला ना त्याला नोकरीत," असे म्हणून तो अंघोळीला गेला. पुढची भरती कधी निघते, याकडे आमच्या घराचे लक्ष आहे.